टोमॅटोवरची अळी: वेचायची, निंबोळी फवारायची की बीटी आणायचं?

परसात किंवा गच्चीवर आठ-दहा झाडं असतील, तर औषध विचारायला जाण्याआधी अळी कुठली ते बघा. सांगली-साताऱ्याकडे तीन जास्त भेटतात.

फळाला गोल भोक, तोंड आत आणि निम्मं अंग बाहेर, ही फळ पोखरणारी अळी. हरभऱ्यावरची घाटेअळी तीच. रंगावर जाऊ नका, हिरवी असते तशी तपकिरीही असते. पानाची जाळी झाली असेल आणि उलटवल्यावर बारीक अळ्यांचा पुंजका दिसला, तर ती तंबाखूची पानं खाणारी अळी. सोयाबीनवाले तिला चांगलं ओळखतात. पानात पांढुरका पापुद्रा धरलेला पसरट डाग आणि आत काळी विष्ठा, म्हणजे टुटा. ती महाराष्ट्रात 2014 मध्ये पहिल्यांदा सापडली. डाग पसरट नसून नागमोडी रेघ असेल तर ते माशीचं काम, त्या अळीला बीटी (बॅसिलस थुरिन्जिएन्सिस या जिवाणूपासून केलेलं, फवारायचं औषध) लागू पडत नाही.

एवढ्याशा बागेत वेचण्याला तोड नाही, विशेषतः पुंजक्याच्या अळीला. पुंजक्यासकट पान खुडून साबणाच्या पाण्यात टाकलं की अख्खं बिऱ्हाड गेलं. ती मोठी झाली की दिवसा मातीत दडते, मग टॉर्च घेऊन रात्री शोधत बसावं लागतं. टुटाची पानंही खुडायचीच, फक्त खताच्या खड्ड्यात न टाकता पिशवीत बांधून उन्हात ठेवायची.

घाटेअळी मात्र वेचून आटोपत नाही. पतंग अंडी एकेक, विखरून घालतो, आणि अळी फळात शिरली की कुठलाच फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. भोक पडलेलं फळ तोडून नष्ट करायचं. जे काही करायचं ते फुलं लागताना. इथे निंबोळी आणि बीटी यांतून निवड करावी लागते.

निंबोळी अर्काने अळी पटकन मरत नाही. तिचं खाणं आणि पतंगाचं अंडी घालणं कमी होतं. म्हणून तो आधीपासून, आठवड्या-दहा दिवसांनी मारत राहायचा. 50 ग्रॅम निंबोळीची भुकटी रात्रभर थोड्या पाण्यात भिजवून, फडक्यातून पिळून, पाणी एक लिटर करायचं, किंचित साबण घालायचा आणि त्याच दिवशी संपवायचं. माण, खटाव, आटपाडी, जतकडे कुणी पाहुणे असतील तर जून-जुलैत निंबोळ्या फुकट मिळतील.

बारीक अळ्या दिसू लागल्यावर बीटी सरस. फवारलेलं पान खाल्लं की अळी खाणं थांबवते आणि दोन-तीन दिवसांत मरते. मोठ्या अळीवर परिणाम कमी, आणि उन्हात ते निकामी होतं, म्हणून संध्याकाळीच मारायचं. शेजारी तुतीवर रेशीमकिडे असतील तर बीटी नको, तेही अळ्याच.

झेंडूच्या कुंड्यांनी घाटेअळीचा पतंग थोडा तिकडे वळतो. टोमॅटो फुलेल तेव्हा झेंडूही फुलात हवा, म्हणून त्याची रोपं वीसेक दिवस आधी टाका.

उसासाठी आणलेलं कोराजन हे रासायनिक कीटकनाशक घरात उरलेलं असतंच. त्याने अळी जाते, यात शंका नाही. पण लिटरला 0.3 मिली मोजणार कसं? अंदाजाने टोपण ओतायचं आणि दुसऱ्या दिवशी तेच टोमॅटो कोशिंबिरीत चिरायचे, हे मला पटत नाही. वापरायचंच असेल तर मोजायला सुई नसलेली सिरिंज घ्या आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं ते लेबलवर वाचा.