सांगलीच्या रस्त्यावर दोन सीटची गाडी रोज चालवून ११ महिने, कंबरेसकट सगळा हिशोब

अकरा महिने झाले, ९,४०० किलोमीटर झाले, आता लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक आलं असतं आणि जुलैत लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या.

गाडीचं नाव लिहीत नाही, नाव लिहिलं की लोक राईड सोडून नावावरच बोलत बसतात. एवढंच सांगतो, दोन सीट, इंजिन सीटच्या पाठीला खेटून, पुढं एक डिकी मागं एक डिकी, २०१८ चं मॉडेल, पुण्यातनं सेकंड हँड उचलली तेव्हा २१ हजार किलोमीटर झालेले. पहिल्या मालकानं हौसेनं २० इंची चाकं घातलेली. फोटोत काय दिसायची गाडी! माझ्या निम्म्या त्रासाचं मूळ ती चाकंच निघाली, पण हे डोक्यात शिरायला मला पाच महिने लागले.

रोजचा रूट विश्रामबाग ते कुपवाड एमआयडीसी, माझं छोटं मशीन शॉप आहे तिथं. अधनंमधनं पुणे, आणि रविवारी जमलं तर मिरजेवरनं सोलापूरच्या हायवेला उगाच एक चक्कर. म्हणजे कव्हर घालून ठेवलेली गाडी नाही ही, शॉपचं सामान, किराणा, पोरीचं दप्तर सगळं यातनंच. पुढच्या डिकीत भडंगाची दोन किलोची पिशवी आरामात बसते, वर काही ठेवलं तर चुरा होतो एवढंच.

आता मुद्द्याचं. सगळे एकच विचारतात, सस्पेन्शन लई कडक आहे का. आहे. पण मला सगळ्यात जास्त त्रास खड्ड्याचा झाला नाही, खड्डा दिसतो, माणूस ब्रेक मारतो, चुकवतो, नाहीतर देवाचं नाव घेऊन हळू उतरवतो. त्रास झाला तो बुजवलेल्या खड्ड्यांचा. डांबराची ठिगळं, एक वर एक खाली, लांबनं बघितलं तर रस्ता चांगला दिसतो आणि वर गेलं की दात वाजतात. शंभर फुटी रोडला मी बरेच दिवस हा प्रयोग केला, ४० च्या स्पीडला कंबर बोलायला लागते, २५ ला बरं वाटतं, आणि रात्री रस्ता मोकळा असताना ६० ला गेलो तर ४० पेक्षा कमी लागतं. मला वाटलं मनाचे खेळ. मग शॉपमध्ये बसून कागदावर मांडलं. ४० चा स्पीड म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. ठिगळं साधारण दर दोन मीटरला. म्हणजे सेकंदाला साडेपाच ठोके. आणि बसलेल्या माणसाला खालीवर हादरे सगळ्यात जास्त खुपतात ते सेकंदाला चार ते आठ या पट्ट्यात, कंपनांच्या आयएसओ स्टँडर्डमध्येसुद्धा हाच पट्टा सगळ्यात वाईट धरलेला आहे. २५ ला साडेतीन ठोके बसतात, ६० ला आठच्या वर, दोन्हीकडनं तुम्ही पट्ट्याच्या बाहेर. साध्या फॅमिली गाडीची बॉडी स्प्रिंगवर सेकंदाला एक-सव्वा वेळा डोलते, असल्या गाडीची दीड-दोन वेळा, त्यामुळं मऊ गाडी हे ठोके बरेचसे खाली चाकापाशीच जिरवते आणि ही त्यातले निम्मे वर मालकाला पोच करते. (६० ला जा असं मी सांगत नाहीये, शंभर फुटीला ६० नं जायचं म्हणजे म्हशी, रिक्षा आणि राँग साईडनं येणारे कॉलेजचे पोरं, यांच्याशी आधी बोलून घ्या.)

उलट जिथं लोकांना वाटतं ही गाडी मरणार तिथं ती चांगली निघाली. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, वरचं डांबर तिच्याबरोबर हलतं, म्हणून नवा रस्तापण दोन-तीन वर्षांत लाटालाटांचा होतो. तासगावकडं जाताना बघा, खड्डा एक नाही पण गाडी बोटीसारखी चालते. माझ्या आधीच्या एसयूव्हीत असल्या रस्त्यावर बायकोला मळमळायचं, गाडी लाटेवर चढायची आणि उतरल्यावर अजून दोनदा डोलायची. ही एकदाच खाली बसते आणि तिथंच थांबते. बायको आता कवठेएकंदपर्यंत मोबाईल बघत येते आणि मळमळ नाही. सोलापूर हायवेच्या काँक्रीटवर तर राईडबद्दल तक्रारच नाही, फक्त टायरचा आवाज इतका येतो की गाणी लावायची का नाही हा प्रश्न पडतो, मी लावत नाही.

आता चाकांचं. ऑगस्टमध्ये पावसात डावीकडचं पुढचं चाक पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात गेलं, आवाज असा आला की मी आधी खाली उतरून रस्त्यावर काय पडलंय ते बघितलं. रिम वाचली पण टायरच्या साईडला लिंबाएवढा फुगा. फुगा आला म्हणजे आतली दोरी तुटलेली असते, तो टायर कुणी काहीही सांगितलं तरी चालवायचा नाही. स्टेपनी नाही या गाडीत, नुसता फोमचा डबा आणि छोटा कॉम्प्रेसर, आणि फोम हा खिळ्याच्या पंचरला चालतो, फुटलेल्या साईडला नाही. सांगली-मिरजेत त्या साईजचा टायर कुणाकडंच नव्हता, पुण्यातनं मागवला, तीन दिवस गाडी उभी. आला तर पंचरवाल्याच्या मशीनवर २० ची रिम बसंना. आणि त्याच्याही आधी त्याचा जॅकच गाडीखाली शिरंना, मग दोन फळ्या टाकून त्यावर गाडी चढवली तेव्हा कुठं जॅक गेला. तो म्हणाला, "साहेब, पुढच्या वेळी फोन करून या, मी जमीन खणून ठेवतो."

तेव्हा मी बसून टायरवरचे आकडे नीट वाचले. पुढचा टायर २३५/३५ आर २०. म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर आणि रबराची उंची तिच्या ३५ टक्के, ८२ मिलिमीटर. आपला पंजा आडवा धरला तर जेवढा होतो तेवढंच रबर, रिम आणि खड्डा यांच्यामध्ये. त्याच मॉडेलला कंपनीकडनं १८ इंची पण चाकं येतात, पुढं २३५/४५, मागं २६५/४५. पुढचं रबर १०६ मिलिमीटर झालं, मागचं ९३ वरनं ११९. म्हणजे जवळपास बोटभर जास्त रबर, आणि चाकाचा बाहेरचा व्यास चार मिलिमीटरसुद्धा बदलत नाही, स्पीडोमीटरला पत्ता लागत नाही. पुण्यातच एकाकडं कंपनीची जुनी १८ ची चाकं मिळाली. मामेभावाची हळदीची अडत आहे, त्याच्या काट्यावर दोन्ही चाकं टायरसकट ठेवून बघितली, १८ चं चाक पावणेतीन किलोनं हलकं भरलं. अडतीतले हमाल बघत होते, एकानं विचारलं दर काय लागला.

फरक सांगू? सस्पेन्शनला हात न लावता गाडी निम्मी सुधारली, खरंच. चाक हलकं असलं की खड्ड्यात पडून परत वर यायला त्याला कमी जोर लागतो आणि वरच्या स्प्रिंगला ते आवरायलापण सोपं जातं, आणि बारीक खरखर तर रबरातच मुरते. ठिगळांवर अजून लागतं पण आता ते दातापर्यंत येत नाही, पाठीत थांबतं. वळणावर स्टेअरिंगला पहिल्यासारखी झटकन धार नाही राहिली हे कबूल, यवतेश्वरच्या घाटात एकदा मुद्दाम जाऊन बघितलं, थोडी उशिरा ऐकते. रोजच्या कुपवाडला काय घाट नाही. दिसायला गाडी थोडी बारकी चाकवाली दिसते, मित्र म्हणतात बूट काढून चप्पल घातलीस. चालतंय. फक्त कुणी असं करणार असाल तर आधी ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला चिमटा घेणारा भाग) १८ च्या रिममध्ये बसतो का ते बघा, मोठ्या इंजिनवाल्या मॉडेलला मोठे ब्रेक असले तर अडतात, आणि कंपनीनं दिलेल्या साईजच्या बाहेर जाऊ नका, इन्शुरन्सवाल्याला नंतर बोलायला जागा ठेवायची नाही.

हवेचं पण एक शिकलो. राईड मऊ करायला हवा कमी करायची आयडिया प्रत्येकाच्या डोक्यात येते, माझ्यापण आली. कमी हवेत बारीक रस्ता बरा वाटतो आणि मोठ्या खड्ड्यात रिम थेट खाली टेकते, म्हणजे चार आण्याचा आराम आणि रुपयाचं नुकसान. दारावर स्टिकर आहे तेवढीच ठेवतो, पण सकाळी थंड टायरला, घरच्या गेजनं. मे महिन्यात ४० डिग्रीत दुपारी पंपावर चेक केलं तर आकडा फुगलेलाच दिसणार, दर पाच-सहा डिग्रीला साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), आणि तो पंपावरचा पोरगा प्रामाणिकपणे ती जास्तीची हवा सोडून देतो, मग दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी.

सस्पेन्शनचं बटण आहे नॉर्मल आणि स्पोर्टचं. स्पोर्ट मी अकरा महिन्यात दहा वेळा दाबलं असेल, त्यातलं दोनदा चुकून. त्यानं स्प्रिंग बदलत नाही, फक्त शॉकअप घट्ट होतो, म्हणजे नॉर्मलमध्ये गाडी कडक असेल तर त्या बटणात मऊपणा शोधू नका.

स्पीडब्रेकर. हा वेगळा चॅप्टर आहे. आयआरसीचा म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसचा नियम बघितला तर गोल ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच पाहिजे, १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा. माझ्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटरला थोडं कमी, त्या गोलाईवर गाडी उभी केली तर पोटाखाली ब्रेकर फक्त साडेचार सेंटिमीटर वर येतो. क्लिअरन्स, म्हणजे पोट आणि जमीन यातलं अंतर, साडेबारा आहे. म्हणजे नियमानं बांधलेल्या ब्रेकरवर ही गाडी कुठंही घासणार नाही, आरामात जाईल! पण आपल्याकडं ब्रेकर बांधतात ते लग्नात मांडव घालावा तसं, रात्रीत, घरापुढं, दीड फूट रुंद आणि हातभर उंच. आष्ट्याच्या पुढं एका गावात असले तीन ओळीनं आहेत, तिथं मी गाडी तिरकी काढतो, एक एक चाक चढवत, मागचे हॉर्न मारतात, मारूदेत. ऊस सुरू झाला की आणखी एक भानगड, ट्रॅक्टरच्या चाकातनं पडलेली चिखलाची ढेकळं वाळून दगड होतात आणि रात्री दिसत नाहीत, वर उसाची कांडी खाली सापडली तर बंपरखाली असा आवाज येतो की काळीज हलतं. गळीत चालू असेपर्यंत रात्रीचं पेठ नाक्याकडनं येणं मी बंद केलंय, दोन ट्रॉल्या आणि लाईट नाही, वर फुल आवाजात गाणी.

पुण्याला जाताना हायवेला सहापदरीच्या कामाचे डायव्हर्जन आहेत, सर्व्हिस रोडला उतरताना-चढताना जो कोपरा असतो तिथं बंपर जपायचा, बाकी कराड-सातारा सरळ. साडेचार तास बसून उतरलो तर कंबर एसयूव्हीपेक्षा बरी असते, याचं मलाच आश्चर्य वाटलं. माझी एल-४ एल-५ ची, म्हणजे कंबरेच्या मणक्यांची जुनी तक्रार आहे, डॉक्टरांनी गाडी घेताना डोळे मोठे केले होते. पण सीटनं मांडीपासनं खांद्यापर्यंत धरून ठेवलं की माणूस आत हलत नाही, उंच गाडीत डोलताना आपण नकळत स्वतःला सावरत बसतो, ते इथं नाही. दुखतं ते चढता-उतरताना. ह्या गाडीत बसत नाहीत, सदऱ्यासारखी अंगात घालतात. आईचे गुडघे, त्यामुळं ती एकदाच बसली, गणपती मंदिरापर्यंत, आणि उतरायला मला अन् फुलवाल्या मावशींना दोघांना हात द्यावा लागला. आबांनी आयुष्यभर शर्यतीची बैलं बघितलेली, ते माधवनगरपर्यंत आले आणि म्हणाले, "आपल्या छकड्यात आन ह्यात फरक एवढाच, छकड्यातनं पुढचं दिसतं." पण नंतर दोनदा स्वतःहून विचारलं, चक्कर मारायची का म्हणून.

पावसाळ्यात एक नियम केलाय, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी इशारा पातळीला म्हणजे ४० फुटाला आलं की गाडी बाहेर काढायची नाही, ४५ ही धोका पातळी, तिची वाट बघत बसायचं नाही. रस्त्यावर अर्धा फूट पाणी साठलं तर दुसऱ्या गाड्या जातात, माझ्या गाडीला तेवढ्यात पोहायला लागेल. त्या दिवसात बायकोची स्कूटर. अकरा महिन्यात असे सव्वीस दिवस गाडी घरी राहिली, यात टायरचे तीन धरलेत.

मायलेज विचारू नका, गावात आठ, हायवेला तेरा. सर्व्हिसला पुणे. घराच्या गेटचा उतार मी फोडून परत केला, आधी बंपरचा पुढचा ओठ घासायचा, गवंड्याला प्लायवुडचा साचा करून दिला तेव्हा त्याला पटलं. अठरा हजार गेले. गाडीच्या बजेटमध्ये हे कुणी लिहीत नाही.

२० ची चाकं गोणपाटात बांधून शॉपच्या माळ्यावर ठेवलीत. विकायची नाहीत. आठवड्यातनं एकदा तरी वर जाऊन बघतो.