गवत की टर्फ? फुटबॉलचं मैदान ठरवताना

हॉकीचं मैदान करायचं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकला हॉकी कृत्रिम मैदानावर गेली, १९२८ पासून दर वेळी पदक आणणारा भारत तिथे सातवा आला आणि तो वाद तिथेच मिटला. प्रश्न उरतो फुटबॉलचा. लीगचे सामने होतील असं पूर्ण मापाचं मैदान करायला एखादा क्लब किंवा नगरपालिका निघाली, की पहिल्याच बैठकीत गवत आणि टर्फ, म्हणजे प्लास्टिकच्या पात्यांचं कृत्रिम मैदान, असे दोन तट पडतात.

आमच्या क्लबमध्येही पडले होते. आमचं मैदान ठाण्याच्या पुढे, पाऊस भरपूर असलेल्या भागात. आधी बरीच वर्षं आम्ही भाड्याच्या टर्फवर सराव केला आणि सामने घेतले. स्वतःची जागा हातात आली तेव्हा गवत लावलं. मैदानाचं काम तेव्हापासून माझ्याकडे आहे, त्यामुळे माझं पारडं कुठे झुकतं ते लपणार नाही. तुमची जागा, तुमचा पाऊस आणि तुमचा पैसा वेगळा असू शकतो, हे धरून वाचा.

टर्फची बाजू भक्कम आहे आणि ती आधी मांडायला हवी. सकाळी शाळेची मुलं, दुपारी अकादमी, संध्याकाळी वरिष्ठ संघ आणि रात्री दिव्याखाली कंपन्यांची लीग, एवढं सगळं एकाच मैदानावर रोज घ्यायचं असेल तर गवत ते सोसू शकत नाही. दोन महिन्यांत गोलसमोर मातीचे चट्टे उघडे पडतात. डोंगराळ आणि पावसाळी ईशान्य भारतात टर्फमुळेच फुटबॉलचं वेळापत्रक उभं राहिलं. मिझोरमच्या ऐजॉल एफसीने २०१६-१७ ची आय-लीग ही देशपातळीवरची लीग जिंकली तेव्हा त्यांचं घरचं मैदान टर्फचंच होतं. आपल्याकडे मुंबईच्या कूपरेजला आणि गोव्यात म्हापशाच्या धुळेरला टर्फ आलं त्यामागेही हाच हिशोब होता.

गवत पावसात दगा देतं हेही खरं. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात ब्राझील आणि इंग्लंडची उपांत्य लढत गुवाहाटीला होती. पावसाने तिथलं गवत इतकं खराब झालं की सामना दोन दिवस आधी कोलकात्याला हलवावा लागला. टर्फवाले हा दाखला हमखास देतात आणि तो बिनचूक आहे.

मात्र त्या दाखल्याचा दुसरा अर्धाही सांगायला हवा. सामना कोलकात्याच्या ज्या सॉल्ट लेक स्टेडियमवर गेला तिथे २०११ पासून टर्फ होतं. विश्वचषकासाठी ते उखडून बर्म्युडा गवत लावलेलं होतं. त्याच गवतावर ऐनवेळी आलेली उपांत्य लढत झाली आणि तीन दिवसांनी इंग्लंडने स्पेनला ५-२ ने हरवलं तो अंतिम सामनाही झाला. कोलकात्यातही पाऊस काही कमी पडत नाही. गुवाहाटी आणि कोलकाता, दोन्हीकडे वर गवतच होतं. फरक पडतो तो खाली काय आहे आणि पाणी किती लवकर निघून जातं यात, असं माझं मत त्या आठवड्यात पक्कं झालं.

आता माझा निर्णय ज्या कटकटीवर ठरला तिच्याकडे येतो. ती म्हणजे टर्फमधले काळे रबरी दाणे.

प्लास्टिकची पाती उभी राहावीत आणि पायाखाली थोडं मऊ लागावं म्हणून पात्यांच्या मध्ये आधी वाळू आणि तिच्यावर जुन्या टायरचा चुरा भरतात. पूर्ण मापाच्या मैदानात हा चुरा कित्येक टन असतो. तो जागेवर राहत नाही. बुटांत जातो, मोज्यांत जातो, गाडीच्या मॅटवर पडतो, वॉशिंग मशीनच्या जाळीत अडकतो. गोलकीपरच्या डोळ्यांत आणि दातांत जातो. घरचे लोक रोज मोरीपाशी तक्रार करतात ती वेगळीच. इथवर मी सगळं सहन केलं असतं.

पावसाने मात्र पुरतं वैतागून सोडलं. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की भाड्याच्या त्या मैदानावर दाणे पाण्यावर तरंगत उताराच्या बाजूला जायचे आणि जाळीच्या कडेला काळ्या वाळूसारखे साचायचे. उरलेले गटारात आणि तिथून नाल्यात. आम्ही पोरांना झाडू देऊन ते गोळा करायला लावायचो. ओला चुरा सुकवायचा, त्यातला पालापाचोळा चाळायचा, पुन्हा मैदानावर पसरायचा, ब्रश ओढायचा. पुढच्या पावसात पुन्हा तेच. पेनल्टी स्पॉट, कॉर्नर आणि गोलची तोंडं इथून दाणे सगळ्यात आधी निघून जातात. तिथली पाती आडवी पडतात, चेंडू घसरत सुटतो आणि जमीन टणक होते. गॅलरीतून पाहणाऱ्याला मात्र मैदान हिरवंगारच दिसतं.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. गवत आजारी पडलं तर पिवळं पडतं, विरळ होतं, चिखल दाखवतं. माळी नसलेल्या माणसालाही ते कळतं. टर्फ कुठे टणक झालंय हे कळायला जागोजाग सळई खुपसून दाण्यांची खोली मोजावी लागते आणि भाड्याच्या मैदानावर ते कोणी मोजत नाही. आमच्या मुलांच्या गुडघ्यांच्या आणि घोट्यांच्या तक्रारी त्या काळात जास्त होत्या असं मला वाटतं. मोजून ठेवलेलं नाही, त्यामुळे ठामपणे सांगत नाही. गवतावर आल्यापासून त्या कमी ऐकू येतात, एवढं नक्की.

शिवाय हा चुरा काळा, म्हणजे एप्रिल-मेच्या उन्हात तो तापणारच. सुट्टीतल्या शिबिरात अकरा वाजल्यानंतर मुलांना तिथे उभं करणं मला पटत नसे. पाणी मारलं की थोडा वेळ बरं वाटतं, पुन्हा तेच. टर्फला पाणी लागत नाही हा मुद्दा ज्यांना पटतो त्यांनी मे महिन्यात दुपारी एखाद्या टर्फवर अनवाणी उभं राहून पाहावं.

रबराऐवजी कॉर्क किंवा नारळाचा चुरा भरता येतो. तो कमी तापतो आणि नाल्यात गेला तरी प्लास्टिक जात नाही. पण कॉर्क तर रबरापेक्षाही सहज तरंगतं, तेव्हा कोकणपट्टीच्या पावसात माझी कटकट त्याने वाढलीच असती. युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियम केला आहे की २०३१ पासून टायरच्या चुऱ्यासारखे कृत्रिम दाणे मैदानासाठी विकता येणार नाहीत. आज टाकलेलं टर्फही काही वर्षांनी बदलावं लागतं, म्हणजे ती वेळ येईल तेव्हा बाजारात काय मिळत असेल याचाही विचार करा. नेदरलँड्सच्या वरच्या लीगने २०२५-२६ च्या हंगामापासून टर्फ बंद केलं. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको मिळून २०२६ च्या विश्वचषकासाठी जी १६ मैदानं निवडली गेली त्यांतल्या आठांवर एरवी टर्फ असतं; स्पर्धेसाठी त्या आठही ठिकाणी गवत लावायचं ठरलं. २०१५ चा महिलांचा विश्वचषक कॅनडात टर्फवर खेळवला गेला, तेव्हा खेळाडूंनी त्याविरुद्ध तिथल्या मानवी हक्क न्यायाधिकरणाकडे तक्रार केली होती. वरच्या दर्जाच्या खेळाडूंचा कौल कुठे आहे ते यावरून दिसतं.

गवत स्वस्त पडतं असं मात्र मी म्हणणार नाही. कायमचा माळी लागतो. उन्हाळ्यात टँकर लागतो. पावसाळ्यात सूर्य दिसत नाही तेव्हा बुरशी येते आणि ओलाव्यात लष्करी अळी एका रात्रीत पट्टेच्या पट्टे साफ करते. बर्म्युडा म्हणजे शेतात आपल्याला नको असलेल्या हरळीचीच जात. चिवट आहे, तुडवलं तरी परत फुटतं, पण सावली तिला अजिबात चालत नाही. तुमच्या मैदानाला उंच गॅलरीची किंवा शेजारच्या टॉवरची सावली अर्धा दिवस पडत असेल, तर बर्म्युडाचा हट्ट धरू नका. आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे नाही म्हणणं. लग्नाचा मांडव, सभा, दहीहंडी, ऑर्केस्ट्रा, प्रत्येकाला मोकळं मैदान हवं असतं. मांडवाच्या एका रात्रीची भरपाई करायला गवताला महिना लागतो. जी संस्था नाही म्हणू शकत नाही तिचं गवत टिकणार नाही, आणि तिच्यासाठी टर्फ बरं.

गवतात प्लास्टिकचे धागे विणलेली हायब्रिड मैदानं युरोपातले मोठे क्लब वापरतात. खेळायला उत्तम असतात, पण ते यंत्र आणि तो खर्च आपल्या आवाक्यातला नाही, म्हणून इथे सोडतो.

तुमच्याकडे दिवसाला चार-पाच संघ येत असतील, दुसरी जागा नसेल आणि पाऊस मध्यम असेल, तर टर्फ घ्या आणि दर वर्षी दाणे मोजून भरायचे पैसे आधीच बाजूला काढा. आठवड्याला दोन सामने आणि मोजका सराव असेल, शेजारी सरावाला साधं मैदान असेल आणि माळ्याचा पगार निघत असेल, तर मी दोनदा विचार न करता गवत लावीन.

लावणार असाल तर बजेटचा मोठा भाग जमिनीखाली घाला. फूटभर धुतलेली वाळू, तिच्याखाली खडी, खडीत छिद्रांचे पाइप आणि पाइपांतलं पाणी बाहेर नेणारा, पावसाळ्यात तुंबत नाही असा नाला. ठेकेदार मुरमावर लाल माती टाकून हिरवळ अंथरून देतो म्हणाला तर त्याला परत पाठवा. आमच्याकडे मैदानाच्या उताराच्या टोकाला पाइपांचं तोंड उघडं ठेवलेलं आहे. जुलैत मुसळधार पाऊस थांबल्यावर मी आधी तिथे जातो; तिथून पाणी जोरात वाहत असेल तर संध्याकाळचा सामना होणार असं रेफरींना कळवून टाकतो.