शाका की 'आय लव्ह यू'?

हाताच्या या दोन्ही खुणांत अंगठा आणि करंगळी बाहेर असतात, म्हणून गल्लत होते. फरक तर्जनीचा.

हवाईच्या 'शाका'त मधली तिन्ही बोटं मिटलेली, हाताची मागची बाजू समोरच्याकडे आणि मनगट सैल. हात ताठ धरला की त्यातला निवांतपणाच जातो. ही खूण लाइए गावच्या हमाना कलिली यांच्यापासून आली असं हवाईत सांगतात; साखर कारखान्यात त्यांची मधली तीन बोटं गेली होती. 'नमस्कार', 'आभार', 'पुढे जा' असं सगळं त्यात बसतं. 2024 मध्ये ती हवाईची अधिकृत राज्यखूण झाली. आपल्याकडे मात्र अंगठा तोंडाकडे वळू देऊ नका, 'आज बसायचं का?' असा अर्थ निघेल!

दुसरी खूण अमेरिकन सांकेतिक भाषेतली. आय म्हणजे करंगळी, एल म्हणजे अंगठा-तर्जनी, वाय म्हणजे अंगठा-करंगळी; तिन्ही अक्षरं एकाच हातात. तळवा समोर, मधलं बोट आणि अनामिका मिटलेली. अंगठा त्या दोघांवर दाबला की रॉकवाल्यांची शिंगं होतात. तर्जनी मिटली तर उरतो नुसता वाय.

लाटांवरच्या मित्राला शाका; कर्णबधिर मैत्रिणीचा निरोप घेताना दुसरी.