गळती शोधून देणारे: पैसे वसूल, कॅमेरा सोडून

डोंबिवलीत शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्याला जूनमध्ये दोनच प्रकारची माणसं भेटतात. एक, ‘गच्चीवर पत्र्याची शेड टाका’ म्हणणारी. दुसरी, ‘सगळं उखडून नवीन शीट मारू’ म्हणणारी. काहीही न विकता पाणी नेमकं कुठून शिरतंय एवढंच शोधून देणारे यंदा पहिल्यांदाच भेटले, म्हणून हे लिहितेय. फी साडेतीन हजार. दुरुस्तीचं काम ते घेतच नाहीत, आणि खरी मेख तिथेच आहे.

बिल्डिंग तीस वर्षांची. स्लॅब, त्यावर विटांचा कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा जाड थर) आणि त्यावर बारा-तेरा वर्षांपूर्वी सोसायटीने गॅसच्या टॉर्चने चिकटवून घेतलेली डांबरी शीट, मेंब्रेन म्हणतात ती. आमच्या हॉलमध्ये थेट पंख्याच्या हुकातून पाणी ठिबकायचं. आधी आलेल्या एका ठेकेदाराने गच्चीवर न जाता, चहा पिता पिता निदान करून टाकलं होतं: शीट संपली, वर दुसरी चढवू.

या लोकांनी फोनवरच आधी उलटतपासणी घेतली. उन्हाळ्यात ठिबकतं का? (म्हणजे टाकी-नळाचं पाणी नाही ना.) पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने येतं? थांबल्यावर लगेच थांबतं, की दोन दिवस चालू राहतं? आमचं दोन दिवस चालायचं. ‘म्हणजे कोब्यात पाणी साठलंय ताई, ते सावकाश उतरतंय,’ पलीकडचा मुलगा म्हणाला. पंख्याचा एमसीबी (मीटरबोर्डवरचा वीज तोडणारा खटका) बंद ठेवा, छतावरच्या ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख घाला आणि चांगली उघडीप मिळेपर्यंत आम्हाला बोलावू नका, असंही सांगितलं. भर पावसात सगळंच ओलं असतं, तेव्हा ओल मोजायचं यंत्र काय दाखवणार?

गच्चीवरचं काम मात्र बघण्यासारखं. शीटवरचा चंदेरी पापुद्रा बऱ्याच ठिकाणी उडालाय. एकदा तो गेला की ऊन थेट डांबर खातं. शीट कडक होते, भेगाळते. मध्ये मध्ये तव्यावरची भाकरी फुगावी तसे फुगे. त्यातल्या एकावर तपासायला आलेल्या मुलाने पाय दाबला तर आत पचपच आवाज झाला. कटरने चीर दिली, बोट घातलं आणि मला दाखवलं: काळं पाणी, कुबट वास. दुसरा फुगा कापला तर आत नुसती हवा, खाली कोरडं ठाक. फुगा दिसला म्हणजे तिथूनच गळतंय असं नसतं, हे मला तेव्हा कळलं. मग पट्ट्यांचे जोड. तिथे एक शीट दुसरीवर चारेक इंच चढलेली असते. चपट्या थापीचं टोक तो जोडाच्या कडेने सरकवत गेला. जिथे टोक आत शिरलं तिथे खडूने फुली. कठड्याजवळ शीट वर चढवून खाचेत दाबलेली होती, ती दोन ठिकाणी सुटून लोंबत होती. मी मनात म्हटलं, सापडला चोर.

तर नाही! त्याने तोंडावर निष्कर्ष दिलाच नाही. पावसाच्या पाइपाच्या जाळीत ओलं गोणपाट कोंबलं, सिमेंटचे छोटे बांध घालून गच्चीचे भाग पाडले आणि उताराच्या खालच्या बाजूपासून एकेक भागात दोन-तीन इंच पाणी भरलं. हे एका दिवसाचं काम नाही. एक भाग भरायचा, खाली वाट बघायची, काही आलं नाही तरच पुढचा. कठड्याचा भाग कोरडा निघाला. मधला फुग्यांचा भागही कोरडा. शेवटी राहिला कोपऱ्यातला डिश अँटेनाचा स्टँड, शेजारच्या बेडरूमवरचा, आमच्या पंख्यापासून चांगला बारा फूट लांब. ज्या भाडेकरूंची ती डिश होती ते केव्हाच घर सोडून गेलेत. स्टँडचे चार बोल्ट शीट फोडून थेट कोब्यात गेलेले. तिथे पाणी भरलं आणि रात्री जेवायच्या वेळेला हुकातून ठिबक सुरू! बोल्टातून कोब्यात, कोब्यातून स्लॅबमधल्या वायरिंगच्या नळीत, आणि नळीतून घरंगळत आमच्या पंख्याच्या डब्यात.

आता तक्रारी. जाहिरातीत ‘थर्मल कॅमेऱ्याने स्लॅबचा एक्स-रे’ असं छापलंय. कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, तापमानातला फरक दिसतो. ओल्या जागेवरून पाणी वाळत असतं, म्हणून छताचा तेवढा भाग थंड, निळा दिसतो, इतकंच. ती निळी जागा माझ्या पेन्सिलच्या रेघेत तंतोतंत बसली. म्हणजे जे डोळ्यांना दिसत होतं तेच रंगीत करून दाखवलं. विचारल्यावर मुलाने हसत कबूल केलं की लोकांना कॅमेरा हवा असतो. ठीक आहे, पण मग एक्स-रे म्हणू नका.

दुसरं म्हणजे वेळ. नऊला येतो म्हणाले की पावणेबारा धरा.

अहवाल मात्र कामाचा. स्टँड काढून भोकं बुजवा, कठड्याजवळची सुटलेली शीट आत्ता ठिगळ लावून घ्या, जोडांवरच्या फुल्या तशाच ठेवा. शीट म्हातारी झालीय, उन्हाळ्यात पूर्ण काढून नवीन घाला. जुन्या फुग्यांवर दुसरी शीट चढवू नका, आतलं पाणी कोंडून राहील. वर आणखी कोबा तर मुळीच नको. चार-साडेचार इंच कोबा म्हणजे चौरस फुटाला वीसेक किलो वजन, तीस वर्षांच्या स्लॅबवर. हे सगळं फोटोंसकट लिहून मिळाल्यावर आमच्या सेक्रेटरींचा ‘तुमचं छत, तुम्ही बघा’ हा सूर बदलला. गच्चीतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने करायची, असं सोसायटीच्या नियमावलीत, म्हणजे उपविधीत, आहेच. पण गळती गच्चीतूनच होते हे सिद्ध करायला कागद लागतो. फी निम्मी सोसायटीने दिली, निम्मीसाठी माझा पाठपुरावा चालू आहे.

कोणी बोलवावं? ज्यांची गळती एकाच ठिकाणी आहे आणि कारण कळत नाही, त्यांनी. सगळं छतच पोपडे धरून गज दिसायला लागले असतील तर हे पैसे वाचवा आणि सरळ स्ट्रक्चरल इंजिनिअरला गाठा. अहवाल इंग्रजीत देतात, मराठीत मागितला की मराठीतही देतात. सभेत वाचायचा असेल तर आधीच सांगून ठेवा.