टोसोहचा टीएसकेजेल ब्युटिल-एनपीआर कॉलम : एडीसीच्या प्रयोगशाळेसाठी

अँटिबॉडीला कर्करोगावरचे विषारी औषध जोडून एडीसी (अँटिबॉडी-ड्रग कॉन्जुगेट) तयार करताना प्रत्येक रेणूवर औषध सारखेच बसत नाही. काही रेणू कोरेच राहतात, तर काहींवर दोन, चार, सहा किंवा आठ औषधरेणू चढतात. ही वाटणी उघड करून दाखवणारा टोसोह कंपनीचा हा छोटा क्रोमॅटोग्राफी कॉलम (मिश्रणातील रेणू वेगळे करणारी नळी) अँटिबॉडीतील सिस्टीन या अमिनो आम्लावर औषध जोडणाऱ्या प्रयोगशाळेने जरूर घ्यावा, असे माझे मत आहे.

त्यातील कण 2.5 मायक्रोमीटरचे आणि छिद्रविरहित असल्यामुळे अँटिबॉडीसारखा मोठा रेणू कणांत शिरून रेंगाळत नाही, आणि अवघ्या 35 मिलिमीटर लांबीतही शिखरे (आलेखावर प्रत्येक प्रकारच्या रेणूचे दिसणारे उंचवटे) सुटी होतात. सुरुवातीला 1.5 मोलर अमोनियम सल्फेट ठेवून क्षार हळूहळू उतरवायचा आणि सोबत थोडे आयसोप्रोपेनॉल वाढवत न्यायचे, अशी प्रचलित पद्धत आहे; औषध जितके जास्त, तितका रेणू जलविरोधी आणि तितका तो कॉलमला चिकटून उशिरा बाहेर पडतो. ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन या एडीसीमध्ये अँटिबॉडीच्या प्रथिनसाखळ्यांना जोडणारे डायसल्फाइड बंध तोडून मोकळ्या होणाऱ्या सिस्टीनच्या जोडीवर औषध बसवलेले असते, म्हणून शिखरे सम संख्यांचीच येतात. बंध तुटूनही साखळ्या एकमेकींना धरून राहतात आणि या कॉलमवर रेणूची घडी मोडत नाही, त्यामुळे तो अखंड मोजता येतो; रिव्हर्स्ड फेज या सेंद्रिय द्रावक वापरणाऱ्या पद्धतीत त्याच साखळ्या वेगळ्या होतात.

शिखरांच्या क्षेत्रफळावरून सरासरी डीएआर (एका अँटिबॉडीमागे औषधरेणूंची संख्या) सहज काढता येतो, पण खरी किंमत आहे ती वाटणीला. कोऱ्या आणि आठ औषधांच्या रेणूंचे निम्मे-निम्मे मिश्रणही सरासरी चारच दाखवील! उंदरांवरील 2004 च्या प्रसिद्ध अभ्यासात आठ औषधांचा प्रकार चारच्या प्रकारापेक्षा शरीरातून लवकर निघून गेला, आणि परिणामात मात्र सरस ठरला नाही. हे लक्षात घेतले, तर केवळ सरासरीवर समाधान मानणारा अहवाल अपुराच म्हणावा लागेल.

लायसीन या दुसऱ्या अमिनो आम्लावर औषध जोडलेले असेल, तर मात्र या खरेदीचा फारसा उपयोग नाही. ट्रास्टुझुमॅब एमटान्सिन या एडीसीमध्ये औषध अनेक जागी विखुरलेले असल्याने सुटी शिखरे मिळत नाहीत. 2021 मध्ये झायडसने भारतात आणलेले बायोसिमिलर याच औषधाचे आहे, तेव्हा तशा कामासाठी रेणूचे वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमेट्रीकडेच वळावे. इतका क्षार मास स्पेक्ट्रोमीटरला चालत नसल्याने हा कॉलम त्याला थेट जोडता येत नाही. शिखर गोळा करून, क्षार काढूनच पुढे जावे लागते. शिखराची ओळख पटवण्यासाठी 248 आणि 280 नॅनोमीटरवरील प्रकाशशोषणाचे गुणोत्तर पाहावे; व्हेडोटिन प्रकारात औषध वाढते तसे ते वाढत जाते.

अमोनियम सल्फेट उच्च शुद्धतेचे घ्यावे, बफर गाळून वापरावे आणि काम संपल्यावर पंप व कॉलम क्षारविरहित द्रावणाने धुवावेत, नाहीतर पंपाच्या सीलवर स्फटिक साचतात.