ठसे वाचायला कुठे जावं: येऊरची धूळ की खाडीचा चिखल?

बर्फाळ देशांत जनावरांचा माग बर्फात काढतात. ठाणेकरांना त्यासाठी दोन पानं उघडी आहेत: येऊरच्या जंगलातल्या पायवाटेवरची धूळ आणि ऐरोलीकडच्या खारफुटीतला चिखल.

थंडीत येऊरची बारीक धूळ पिठासारखी होते. बिबट्याचा पंजा त्यात सुरेख उमटतो: चार बोटं, गोलसर घेर, नखांची खूण नाही, तळव्याच्या मागच्या कडेला तीन फुगवटे. कुत्र्याची नखं मात्र बहुधा दिसतात आणि त्याचा तळवा त्रिकोणी असतो. सकाळच्या तिरप्या उन्हात बघा, कडांच्या सावल्या पडल्या की ठसा उठून दिसतो. पण वारा सुटला किंवा एखादी दुचाकी गेली की सगळं पुसलं जातं.

चिखलातला ठसा खोल उमटतो, पण पुढच्या भरतीपर्यंतच टिकतो. तिथे कोल्हा भेटतो. त्याचा ठसा कुत्र्यापेक्षा अरुंद, आणि मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूला जोडलेल्या. हा जोड चिखलातच नीट कळतो. फक्त चिखल फार ओला असेल तर बोटं फाकतात, ठसा मोठा वाटतो. घसरताना तर बिबट्याचीही नखं उमटू शकतात, म्हणून एका ठशावर निकाल देऊ नका, चार-पाच सलग पावलं बघा.

नवशिक्यांना मी आधी येऊरच सांगेन, पण वनखात्याची परवानगी घेऊन आणि दिवसाउजेडी. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा. सापळे, फासे इथे कायद्याने गुन्हा आहेत. दिसले तर वनखात्याला लगेच कळवा.