जाळीत केस गाठी मारून विग बनवायचं किट: सुया झकास, जाळी जेमतेम

नाटकासाठी विग बनवणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे खोका उघडल्यावर आधी सुयाच तपासल्या. आकडी बारीक, टोक गुळगुळीत. जाळीच्या छिद्रातून आत जाते, केस पकडते आणि धागा न ओढता बाहेर येते. सर्वांत बारीक सुई एका वेळी एकच केस उचलते. कपाळाच्या कडेला हीच हवी, आणि गाठही एकेरी. तिथे दोन-तीन केस एकत्र बांधले की गाठींचे काळे ठिपके लगेच डोळ्यांत भरतात. मागे मात्र जाड सुई बिनधास्त चालवा, तिथे कोण बघतंय!

नुसत्या सुयांसाठीसुद्धा मी हे किट पुन्हा घेईन. जाळीचं काही विचारू नका. म्हणायला स्विस लेस, म्हणजे विगसाठीची तलम, मऊ जाळी, पण इतकी कडक की कपाळावर बसायचं सोडून कडेने उभी राहते. ती वेगळी आणा. किटमधल्या केसांची मुळं सगळी एकाच बाजूला लावून दिली आहेत, हे बरं केलं. उलटसुलट असते तर धुतल्यावर गुंता ठरलेला. लाकडी मूठ हातात छान बसते, फक्त सुई आवळायचा स्क्रू अधूनमधून सैल होतो.